बाजूनं जा, बोलत जा

शेषरावजी झाडे कॉम्प्युटरजवळ कधी समोरून जात नसत आणि मागूनही जात नसत. दारात चपला काढायच्या, एकदा खाकरायचं, मग भिंतीच्या कडेकडेनं सरकत डाव्या बाजूनं यायचं आणि येता येता बोलत राहायचं. "हो हो हो... मी आहो. शेषराव आहो. काई नाई, तीन टीसी काढाच्या आहे, दुसरं काई नाई." मग मॉनिटरच्या पाठीवर दोनदा थोपटायचं आणि खुर्चीच्या अर्ध्याच भागावर टेकायचं. उरलेली अर्धी खुर्ची वेळ आली तर पळता यावं म्हणून.

पहिल्यांदा मी हे पाहिलं तेव्हा पदराचा बोळा तोंडात कोंबावा लागला, एवढं हसू आलं. म्हटलं, "शेषरावजी, हे काय हो?"

"समोरून गेलं तं शिंग मारते, मागून गेलं तं लात मारते. म्हून बाजूनं जावं अन् बोलत जावं. तुयं वय लहान आहे बाई, आताच शिकून घे."

वर्ध्यातल्या एका शिक्षण संस्थेच्या कचेरीत आम्ही दोघं कामाला होतो. मी सत्त्याण्णव साली टायपिस्ट म्हणून लागले. शेषरावजी त्याआधी सत्तावीस वर्षांपासून रेकॉर्ड सांभाळत होते. शाळेत कोण आला, कोण टीसी म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला घेऊन गेला, कोणाचा जन्म कधीचा, हे सगळं ज्यात लिहितात ते दाखल-खारीज रजिस्टर त्यांच्या ताब्यात असे. संस्थेच्या सहा शाळा, आणि सहाही शाळांच्या पोरांच्या जन्मतारखा या माणसाला तोंडपाठ. रस्त्यात एखादा टक्कल पडलेला गृहस्थ भेटला तरी त्याला थांबवून म्हणत, "तुयी जन्मतारीख बापानं चुकीची लिवली आहे, मले ठाऊक आहे." तो बिचारा बायकोसमोर कसनुसा हसायचा.

मी लागले त्याच वर्षी ते रजिस्टर भरून ठेवायला कॉम्प्युटर आला. त्याच्यासाठी एक खोली रंगवली, खिडकीला पडदा लावला, खाली गालिचा टाकला आणि एसी बसवला. आमच्या मोठ्या साहेबांच्या डोक्यावर पंखा कुरकुरत होता आणि हा डबा मे महिन्यात गारव्याला बसलेला! वर्ध्याचा मे महिना ज्यानं काढला आहे त्याला हे किती झोंबतं ते कळेल. साहेबांपेक्षा ज्याचा थाट मोठा त्याच्याशी जपून राहायचं, एवढं शेषरावजींना नोकरीनं शिकवलंच होतं. त्यात नागपूरहून आलेला टायवाला इंजिनियर जाताना बोलून गेला, "ये मशीन कुछ भूलता नहीं. इसमें जो डालोगे, हमेशा के लिए."

झालं! त्या माणसाला बापड्याला काय माहीत आपण कोणत्या डोक्यात काय टाकून चाललो ते. त्या दिवसापासून शेषरावजींचं पालुपद सुरू झालं : "मुकं आहे, पण सारं ध्यानात ठेवते."

जेवायची वेळ झाली की हे म्हणत, "बाई, डबा बाहीर खाऊ. त्याच्यासमोर नोको. तो उपाशी, आपण भाकरी मोडतो. मुकं आहे, पण सारं ध्यानात ठेवते." त्यांच्यासमोर कोणी मशीनला शिवी दिली तर कानावर हात ठेवत. एकदा स्क्रीन अडकली म्हणून मी मॉनिटरला चापट मारली, तर शेषरावजी टुणकन उठून दारापर्यंत गेले आणि तिथून ओरडले, "अवो मारू नोको! आज तू मारशीन, उद्या तो मले मारन!"

"तुम्हाला काऊन? मारलं तर मी."

"त्याले काय समजते, कोण कोण आहे थे? जो हाती सापडन त्याले मारन."

माऊस म्हणजे त्याचं शेपूट, असा त्यांचा पक्का हिशोब होता. वायरीसकट बघितलं तर मलाही नंतर नंतर तसंच दिसायला लागलं. ते दोन बोटांनी माऊस असा धरत की जणू बाळाचा अंगठा. मी आपली खटाखट क्लिक करायची. "शेपूट पिळू नोको बाई. शेपूट पिळलं की पळते खरं, पण मनात धरते."

एक दिवस मी वैतागून विचारलं, "अहो, मारणार कशानं तो? ना हात ना पाय."

"म्हूनच तं भेव. हातपायवाल्याचं आधी दिसते. याचं दिसत नाई." मग आवाज खाली आणून म्हणाले, "माही एकच इच्छा आहे. दोन हजार पाचमधी मी रिटायर होतो. तोवर यानं मले मारलं नाई पायजे. सुखरूप घरी जाऊ दे, बस."

म्हणजे लोक रिटायरमेंटसाठी घर बांधतात, पोरींची लग्नं उरकतात. आणि या गृहस्थाची आठ वर्षांची एकच योजना, डब्यानं मारू नये. मी हसून हसून बेजार. पण त्यांचा चेहरा पाहिला तर त्यात चेष्टा नव्हती. माणूस खरोखर भीत होता.

आणि भीत होता म्हणून सेवाही करत होता. रजेवर जायचं असलं की साहेबांकडे अर्ज नंतर, आधी मशीनला निरोप. मी माझ्या कानांनी ऐकलं आहे : "उद्या मी नाई येत. हिंगणीले पुतण्याच्या पोराचं बारसं आहे. परवाच्या दिवशी येतो. उद्या बाई राहीन. तिचं बोट जोराचं आहे, पण मनानं वाईट नाई. सांभाळून घेजो."

"मला नाही कधी सांगत," मी तोंड फुगवून म्हटलं.

"तुले इचाराले घरी माणसं आहे. त्याले कोण आहे? कुठं जायाचं असन तं सांगून जावं. न सांगता गेलं तं मनात धरते."

पासवर्ड टाकताना ते एकेक अक्षर मोठ्यानं म्हणत. सी, एच, ए, एन... शेवटी होई 'चांद्या'. त्यामुळे त्यांचा पासवर्ड शिपायापासून चहावाल्यापर्यंत सगळ्यांना पाठ होता. पुतण्याबितण्याचं नाव असेल, असं आम्ही धरून चाललो.

मग एकदा स्क्रीनवर इंग्रजीत एक चौकट उगवली. शेषरावजींनी मला हाक मारली, म्हणाले वाच. मी वाचलं. या प्रोग्रामनं बेकायदेशीर काम केलं आहे, तो आता बंद करण्यात येत आहे.

शेषरावजींचा चेहरा चुन्यासारखा झाला. "बेकायदेशीर? माह्या हातून? सत्तावीस वर्सं झाले, एक टीसी खोटी नाई देली मी!"

मी सांगितलं की तसं काही नसतं, सगळ्यांनाच येतं ते. पण ऐकतील तर शपथ. सरळ टेबलाशी गेले, कोरा कागद घेतला आणि खुलासा लिहिला. 'मी, शेषराव विठोबा झाडे, अभिलेख लिपिक, सत्य कथन करतो की आज सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी सदर संगणकावर बसलो असता माझे हातून कोणतेही बेकायदेशीर कृत्य घडलेले नाही. घडले असल्यास ते सदर संगणकाने माझे नकळत केले असावे.' दोन साक्षीदारांच्या सह्या, एक माझी, एक शिपायाची. आवक क्रमांक टाकून फाइलला लावला. पाच मिनिटांनी परत येऊन फाइल उघडली आणि शेवटचं वाक्य खोडलं.

"काऊन खोडलं?"

"त्याच्यावर आळ घेतल्यासारखा होते. उद्या वाचलं त्यानं तं?"

नव्याण्णव संपत आलं आणि पेपरात यायला लागलं की दोन हजार साल उजाडलं की कॉम्प्युटर गोंधळतील, त्यांना वाटेल एकोणीसशे साल आहे. जगातले मोठमोठे लोक चिंतेत होते, पण शेषरावजींइतका खोल विचार कोणी केला असेल असं मला वाटत नाही. "पाय बाई. एकोणीसशे सालात तू नाई, मी नाई, साहेब नाई. तो डोळे उघडन, अन् पाहीन तं घरात सारे अनोळखी माणसं! मंग जनावर काय करते?"

एक जानेवारीला सकाळी कचेरी उघडली. शेषरावजी आदल्या दिवशीचाच सदरा घालून आले. का, तर त्यानं ओळखावं म्हणून. पायात फवारणीचे गमबूट, हातात वेळूची लांब काठी. आम्हा सगळ्यांना व्हरांड्यात उभं केलं. साहेबसुद्धा निमूट उभे. आतून त्यांनाही धाकधूक असणार. शेषरावजींनी दारातूनच, "हो हो हो, मी आहो, शेषराव आहो" म्हणत काठीच्या टोकानं बटण दाबलं. मशीन खर्र करून उठलं. स्क्रीन उजळली. दाखल-खारीज जिथल्या तिथं.

"ओळखलं! ओळखलं लेकानं!" काठी टाकून हा बावन्न वर्षांचा माणूस गमबुटांत नाचला. मग खिशातून पुडी काढून सगळ्यांना गूळ-शेंगदाणे वाटले. चार दाणे कीबोर्डवर ठेवले. ते खाचांतून काढता काढता माझी अख्खी दुपार गेली ते वेगळंच.

आता पोळ्याचं सांगते. आमच्या भागात पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे शेकतात. वर्षभर जू वाहून जो खांदा सोलवटतो, त्याला पळसाच्या पानानं लोणी-हळद लावायची आणि कानाशी लागून जेवणाचं आमंत्रण द्यायचं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." शेषरावजी हिंगणीच्या कास्तकाराच्या, म्हणजे शेतकऱ्याच्या घरचे. नालवाडीत राहायला येऊन जमाना झाला, गुरांचा कोठा नाही, बैल नाही. पण खांदा शेकायला जनावर होतं ना कचेरीत!

मॉनिटरच्या पाठीवर वरच्या बाजूला ज्या फटी असतात, तो त्यांना खांदा वाटला. आम्ही सगळे घरी गेल्यावर त्यांनी तिथं लोणी-हळद लावली. थोडीथोडकी नाही, चांगली चोळून.

पोळा झाल्यावर मी येऊन बटण दाबलं. आधी सणाच्या स्वयंपाकघराचा वास आला, मग धूर आला, मग फट्ट असा आवाज आला. नागपूरचा इंजिनियर आला, पाठ उघडली, बोट घालून वास घेतला आणि साहेबांकडे बघतच राहिला. "सर, ये तो मक्खन है."

साहेबांनी सगळ्यांना रांगेत उभं केलं. "कोणी केलं हे?" शेषरावजींच्या बोटांच्या पेरांत हळद अजून दिसत होती. ते एक पाऊल पुढं झाले आणि त्यांनी तोंड उघडलं. काय झालं मला कोण जाणे, मीच बोलून गेले, "माझा डबा सांडला साहेब. लोणी होतं."

"पिवळं?"

"आमच्याकडे हळद घालतात."

मेमो मिळाला मला. वर अर्धा दिवस आईच्या नावानं कचेरीत चेष्टा, की हळदीचं लोणी खाणारं घराणं कोणतं म्हणून. दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर पुरणपोळ्यांचा डबा होता. शेषरावजी मला काही म्हणाले नाहीत. पण दुरुस्त होऊन आलेल्या मशीनशी त्यांचं बोलणं मी दाराआडून ऐकलं : "बाईनं तुह्या-माह्यापायी मेमो घेतला. ध्यानात ठेवजो." माझे डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू.

पुढची वर्षं अशीच गेली. मशीन म्हातारं झालं. उठायला दहा मिनिटं घ्यायचं, मधेच कण्हायचं. आम्ही सगळे करवादायचो, शेषरावजी तेवढे थांबून राहायचे. "घे, घे, दम घे. घाई नाई." आणि बघता बघता दोन हजार पाच आलं.

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात ते दोन दिवस रजेवर होते. नेहमीप्रमाणे मशीनला सांगूनच गेले होते. नेमकं त्याच वेळी चपट्या पडद्यांचे नवे कॉम्प्युटर आले. जुना डबा शिपायांनी उचलून गोदामात मोडक्या बाकांमागे टाकला. शनिवारी भंगारवाला नेणार होता. शेषरावजी आले, चपला काढल्या, खाकरले, बाजूनं सरकत गेले आणि तिथं उभेच राहिले.

"कुठं गेला?"

"गोदामात. सुटलात शेषरावजी!" मी म्हटलं. "चार दिवस राहिले तुमचे, आणि तोच आधी गेला. आता कोण मारतंय तुम्हाला?"

ते हसले नाहीत. "त्याले सांगितलं का कोणी? कुठं नेऊन राह्यले, हे सांगितलं का?"

आम्ही सगळे खो खो हसलो. मीही हसले. आजही ते आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

एकतीस तारखेला निरोप समारंभ झाला. शाल, श्रीफळ, साहेबांचं भाषण. शेवटी शेषरावजींना दोन शब्द बोलायला सांगितलं. ते उभे राहिले, अंगावरची शाल नीट केली. मग म्हणाले, "साहेब, तो जुना डब्बा मले द्या."

हशा झाला. साहेब म्हणाले, "अहो, आठ वर्षं तुम्ही त्याला भ्यायलात. आता सुटका झाली तर घरी नेता?"

"हओ साहेब."

"न्या बाबा," साहेब म्हणाले.

किल्ली माझ्याकडे होती, म्हणून मी सोबत गेले. गोदामाच्या दारात त्या धुळीतही त्यांनी चपला काढल्या आणि खाकरले. भंगारवाल्यासाठी शिपायानं मशीनभोवती सुतळी आवळून ठेवली होती. ती दिसली आणि शेषरावजी होते तिथंच एका मोडक्या बाकावर बसले.

"चांद्यालेही असाच दोर होता," ते म्हणाले.

"चांद्या? पासवर्ड?"

"हओ, तोच. माहा बैल. कपायावर चांद होता. जोडीचा आधीच गेलता. मले इथं नोकरी लागली, बाप गेलता, वावर बटईनं, अर्ध्या वाट्यानं देलं. एकला बैल कोण सांभाळन? इकाचा ठरला." ते शालीचं टोक बोटाभोवती गुंडाळत होते. "सकाळी त्याले म्हटलं, चाल, पाण्यावर जाऊ. रोज तसंच म्हनो मी. आला माह्या मागं. पाण्याची वाट सोडली तरी आला. बाजारात नेला, घेणाराच्या हाती दोर देला. तवा तो थांबला. वळून माह्याकडं पाह्यलं."

"मग?"

"मंग काई नाई. गेला तो. मारलं असतं एखादं शिंग तं बरं झालं असतं, बाई. मारलं नाई त्यानं. पस्तीस वर्सं झाले. तवापासून मी वाट पाहून राह्यलो."

कॉम्प्युटरच्या नावानं आठ वर्षं मी ज्याला हसले होते, ते हे होतं.

ते उठले. भिंतीच्या कडेनं, बाकांना वळसा घालत, डाव्या बाजूनं त्याच्याजवळ गेले. सुतळीची गाठ सोडली. पाठीवरची धूळ बाहीनं पुसली. अंगावरची सत्काराची नवी शाल काढून त्याच्यावर पांघरली, पोळ्याला बैलावर झूल घालतात तशी. "उद्या खांदशेकणी नाई का? नाई, परवा आहे," असं स्वतःशीच पुटपुटले.

"शेषरावजी, लोणी लावू नका हो," मी नाक ओढत म्हटलं.

"नाई नाई, कोरडी हळद लावतो."

मग त्यांनी वाकून, जिथं कान असता तिथं तोंड नेलं.

"तुयं काम सरलं. माहंही सरलं. चाल, घरी जाऊ." शालीचं टोक त्याच्याखाली खोचलं. मग म्हणाले, "खरंच घरी."

सायकल रिक्षावर मी आणि शिपायानं मिळून ते धूड चढवलं. रिक्षावाल्यानं शेषरावजींना वर बसायला सांगितलं, पण ते बसले नाहीत. पायीच निघाले. मी फाटकात उभी राहून बघत होते. रिक्षाच्या पुढं नाही, मागं नाही. बाजूनं, शालीवर हात ठेवून. नालवाडीच्या वळणापर्यंत ते मला दिसत होते, आणि तोवर त्याच्याशी बोलतच होते.